वाटाण्याचा कोंब आणि फाळक्यांचे डोळे

सोलापुरात सात रस्ता चौकात उभे राहून मोबाइलवर फोटो काढून पाहा. जवळची रिक्षा, पलीकडची दुकाने, त्यांच्या पाट्या, मागच्या इमारतींच्या गच्च्या, सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. आता तोच मोबाइल घेऊन घरच्या गॅलरीतल्या जास्वंदीजवळ जा आणि फूल पडदाभर दिसेल इतका जवळ धरा. मधला केसरदांडा स्पष्ट आला तर पाकळ्या विरघळल्यासारख्या दिसतात. पाकळी धरावी तर दांडा पुसट होतो. मोबाइल बिघडलेला नसतो आणि हातही फारसा हललेला नसतो. मग चौकात शंभर फुटांपर्यंतचे सगळे स्पष्ट दाखवणाऱ्या लेन्सला एका फुलाची खोली का झेपत नाही?

हाच प्रश्न १९१२ साली मुंबईत एका माणसासमोर होता. त्याच्याकडे हाताने फिरवायचा कॅमेरा होता. काढलेले चित्र तिथल्या तिथे पाहण्याची सोय नव्हती. समोर वाटाणे पेरलेली कुंडी होती. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण पडली होती आणि थोड्याच दिवसांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला होता. या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळक्यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतो. पण त्यांचा कॅमेरा ज्याच्यावर पहिल्यांदा कसाला लागला तो राजा नव्हता, वाटाण्याचा कोंब होता.

काचेशी जुनी ओळख

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे ते अध्यापनासाठी मुंबईला आले आणि कुटुंबही आले. १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेसाठी प्रवेश घेतला. १८९० मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम यांच्या जोडीला छायाचित्रण शिकले आणि पहिला कॅमेरा घेतला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या मुलाची काळोख्या खोलीतली चिकाटी ओळखून त्यांना छपाईच्या ठशांचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले.

पुढची काही वर्षे कठीण गेली. गोध्र्यात त्यांनी फोटोचा व्यवसाय सुरू केला, पण १९०० च्या प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. ते बडोद्याला परतले. याच सुमारास एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले. पुढे ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे खेळही करत. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. माहेरची गिरिजा करंदीकर ही फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई झाली. या बाईंचे नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

१९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. तीन वर्षांत ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी चित्रांचे शिळाप्रेसवर उतरवण्याचे काम ते करत. नंतर भागीदारीत मुंबईला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभे राहिले. छपाईतले बारकावे शिकण्यासाठी आणि यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले.

छापखान्यातल्या या कामाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. चित्राचा ठसा करायचा असेल तर मूळ चित्र सपाट फळीवर लावतात आणि कॅमेऱ्याची काच त्याला अगदी समांतर ठेवतात. फळी एका बाजूने किंचित कलली तरी चित्राचा तो कोपरा पुसट येतो. म्हणजे स्पष्टतेला एक ठरलेली पातळी असते आणि वस्तू त्या पातळीवर आणावी लागते, हे ठसेवाल्याच्या हातात रोजच्या सवयीने मुरते. फरक इतकाच की रंगवलेल्या चित्राला फक्त लांबी-रुंदी असते. रोपाला खोलीही असते.

चाळिशीत गेलेली नजर

भागीदारांशी मतभेद होऊन फाळके छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, हाताला काम नाही. अशात १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबू-थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रे अशीच पडद्यावर हलताना दिसावीत, हा ध्यास घेतला. त्यानंतर ते दिवसाला चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहू लागले. घरी आल्यावर छोट्या खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर आणि फितीच्या तुकड्यांवर प्रयोग. झोप थोडी, खाण्याकडे लक्ष नाही. काही महिन्यांत त्यांना दिसेनासे झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचे चरित्रकार नोंदवतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असतानाही काम चालूच राहिले. शेवटी डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने नजर कामापुरती परत आली.

इथे वाचकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. फार पाहिल्याने, फार वाचल्याने किंवा मोबाइलच्या पडद्याने मोतीबिंदू होत नाही. डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. वाढते वय हे त्याचे मुख्य कारण. मधुमेह, स्टिरॉइड औषधांचा दीर्घ वापर, धूम्रपान, डोळ्याला झालेली इजा आणि वर्षानुवर्षांचे प्रखर ऊन यांनी तो लवकर येऊ शकतो. तासन्‌तास एकटक पाहिल्याने डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते, तात्पुरते पुसट दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आज इथे बसून करण्यात अर्थ नाही. पण फाळके तेव्हा ज्या वयात होते, त्या वयात प्रत्येकाच्या डोळ्यात एक बदल होतोच आणि मराठीने त्याला वयाचेच नाव दिले आहे. तो म्हणजे चाळिशी.

तरुणपणी डोळ्यातले भिंग लवचीक असते. दूर पाहताना ते चपटे होते, जवळ पाहताना फुगते. वयाबरोबर ते कडक होत जाते आणि जवळचे अक्षर पुसट दिसू लागते. मग आपण वर्तमानपत्र लांब धरतो किंवा उजेडात नेतो. उजेडात नेल्यावर बरे का दिसते? जास्त उजेडात बाहुली लहान होते. लहान छिद्रातून आलेल्या किरणांनी बनलेल्या चित्रात पुढचे-मागचे अधिक अंतर एकाच वेळी स्पष्ट राहते. डोळे बारीक करून पाहण्यामागेही हेच कारण. कॅमेऱ्यात या गोष्टीला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. आपण तिला स्पष्टतेची खोली म्हणू.

लंडनहून आलेली पेटी

डोळे सावरल्यावर फाळक्यांनी विलायतेला जायचे ठरवले. पैसा नव्हता. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, मित्रांनी मदत केली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बोटीने निघाले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांची त्यांनी थेट भेट घेतली. केबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण मग निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांना चित्रीकरणाचे सगळे टप्पे पाहायला मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र आणि कोऱ्या फितीची मागणी नोंदवून एप्रिलच्या सुरुवातीला ते परतले. यंत्रे मागाहून आली.

कोरी फीत भोके न पाडलेली असे. ती भोके पूर्ण अंधारात, हाताच्या अंदाजाने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसभर घरकाम, मुले आणि रात्री दारे-खिडक्या बंद करून फितीची भोके. फीत धुण्याची रसायने मिसळण्याचे कामही त्यांनी आत्मसात केले.

आता मोठा चित्रपट काढायला भांडवल हवे होते. देणाऱ्यांना खात्री पटेल असे काही दाखवावे लागणार होते. नटसंच, कपडे, देखावे यांना पैसा लागला असता. वाटाण्याला लागत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखला.

कुंडीतला नट

कल्पना जगाला अगदी नवी नव्हती. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० या काळात वाढत्या रोपांची थांबूनथांबून चित्रे घेतली होती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुले उमलतानाची फीत केली होती. थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घ्यायचे आणि मग सलग दाखवायचे, की आठवड्यांची वाढ डोळ्यांदेखत घडते.

फाळक्यांची फीत ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाते. महिन्याहून अधिक काळ ती घेतली गेली आणि पडद्यावर मिनिटभर चालली, असे वर्णन आहे. रोज एक चित्र घेतले, असे अनेकदा लिहिले जाते. पण हिशेब करून पाहा. मूकपट सेकंदाला साधारण १६ चित्रांच्या वेगाने दाखवत. एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. महिन्याभरात तेवढी घ्यायची तर दिवसाला ३२ चित्रे पडतात. म्हणजे दिवसातून एकदा जाऊन दांडा फिरवण्याचे हे काम नव्हते. कुंडी आणि कॅमेरा जागचे हलू न देता, पुन्हापुन्हा तिथे जाऊन, उजेड सारखा ठेवून करायची ती महिनाभराची राखण होती.

त्यात स्पष्टतेच्या खोलीचा प्रश्न. फूटभर उंचीचे रोप त्या काळच्या ३५ मिलिमीटर फितीच्या चौकटीत पूर्ण बसवले तर गणित असे येते: लेन्सचे छिद्र एफ/४ ठेवल्यास पुढचे-मागचे मिळून सुमारे ६ सेंटीमीटर स्पष्ट. एफ/८ ला सुमारे १२. एफ/१६ ला त्याच्या दुप्पट. आता कॅमेरा जवळ नेऊन एकच अडीच सेंटीमीटरचे फूल चौकटभर धरा. एफ/८ ला स्पष्टतेची खोली फक्त सव्वा मिलिमीटर उरते आणि एफ/१६ ला अडीच मिलिमीटरच्या आसपास. वस्तू चौकटीत जितकी मोठी करावी तितकी ही खोली झपाट्याने आटते. सात रस्ता चौकातला फोटो आणि गॅलरीतली जास्वंद यांच्यातला फरक हाच.

छिद्र लहान करावे तर उजेड कमी पडतो. एफ/४ वरून एफ/१६ वर गेलात की सोळावा हिस्सा उजेड उरतो. चालत्या माणसाचे चित्रण करताना हे परवडत नाही, कारण प्रत्येक चित्राला सेकंदाचा छोटासा अंश मिळतो. एकेक चित्र सुटे घेताना मात्र काच जास्त वेळ उघडी ठेवता येते. रोप त्या क्षणात कुठे पळत नाही. जवळून चित्र घेणाऱ्याला उजेडाची उणीव वेळाने भरून काढावी लागते आणि थांबूनथांबून घेतलेल्या फितीत तो वेळ मिळतो.

पण वाटाणा स्थिर बसणारा नट नाही. त्याचे रोप उजेडाकडे झुकते आणि टोकाचे तणावे आधार शोधत हवेत गोल फिरतात. १८६५ मध्ये चार्ल्स डार्विनने वेलींच्या या हालचालींवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता. वाटाण्याचा तणावा तासा-दोन तासांत एक फेरा घेतो. म्हणजे सकाळी स्पष्ट असलेला तणावा दुपारी लेन्सच्या जवळ आलेला असू शकतो. आज कोंब जिथे आहे तिथला फोकस पंधरा दिवसांनी वाढलेल्या रोपाला पुरेलच असे नाही. वाढीसाठी वर जागा सोडावी लागते, तशी झुकण्यासाठी पुढे आणि मागेही.

शिवाय चूक वेळेत कळण्याची सोय नव्हती. फीत भरल्यावर अंतर मोजून फोकस ठरवायचा आणि फीत धुतल्यावरच निकाल पाहायचा. चित्र पुसट निघाले असते तर पुन्हा पेरणी, पुन्हा महिना, पुन्हा महागडी फीत. हे सगळे करणारा माणूस नुकताच दृष्टी गमावून परत मिळवलेला होता.

फीत साधली. फाळक्यांनी ती निवडक मित्रांना आणि सावकारी करणाऱ्या मंडळींना दाखवली. कुंडीतले बी फुटून वर येते, वाढते, वेल होतो, हे पडद्यावर पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांचा विश्वास बसला आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ असे चित्रपट आले. आगकाड्या नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ ही फीतही त्यांनी थांबूनथांबून चित्रे घेऊनच केली. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

आपल्या गॅलरीत

सोलापूरच्या थंडीत वाटाणा कुंडीत सहज रुजतो. शिवारात जानेवारी-फेब्रुवारीला करडई फुलते, तीही जवळून पाहण्यासारखी असते. फूल टिपताना फाळक्यांच्या अडचणी आजही त्याच आहेत, उपाय मात्र सोपे झाले आहेत.

ठसेवाल्याची समांतर फळी आधी आठवा. फुलाचा जो भाग स्पष्ट हवा आहे, त्याला मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची पाठ समांतर धरा. चपटे फूल समोरून घेतले तर थोडी खोलीही पुरते. तेच तिरके घेतले तर जवळची एकच पाकळी हाती लागते. दुसरे, हव्यासाने फार जवळ जाऊ नका. थोडे मागे येऊन फोटो काढा आणि नंतर कडा कापा. स्पष्टतेची खोली लगेच वाढते. तिसरे, कॅमेऱ्यात छिद्र बदलता येत असेल तर एफ/८ ते एफ/१६ च्या दरम्यान ठेवा. त्याहून फार लहान केले तर प्रकाश छिद्राच्या कडांशी पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते.

दूरच्या दृश्यात स्पष्टतेची खोली फोकसच्या पुढच्या बाजूला कमी आणि मागच्या बाजूला जास्त मिळते. अगदी जवळच्या चित्रात ती पुढे-मागे जवळजवळ सारखी वाटली जाते. त्यामुळे फुलाच्या सर्वांत पुढच्या टोकावर फोकस करण्यापेक्षा किंचित आतल्या भागावर करा. छिद्र लहान केल्यावर कॅमेरा तिपाईवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा. वाऱ्याची झुळूक टाळायला सकाळची वेळ चांगली. काही कॅमेरे फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन त्यांतले स्पष्ट भाग एकत्र जोडतात. पण त्यासाठीही फूल हलता कामा नये.

आणि डोळ्यांचे काय? बारीक काम करताना दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. पापण्या मुद्दाम मिटाव्यात, कारण एकटक पाहताना आपण त्या कमी मिटतो. लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहू नये. सोलापूरच्या उन्हात फिरताना टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरावा. चाळिशीनंतर जवळचे पुसट दिसणे स्वाभाविक आहे आणि साध्या चष्म्याने ते दुरुस्त होते. पण चष्मा लावूनही धुरकट दिसत असेल, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलये दिसत असतील, रंग फिके वाटत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडून मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असेल तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवी. अचानक दिसेनासे झाले, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले किंवा विजा चमकल्यासारखे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

फाळक्यांना विश्रांती घ्यायला सांगितले तेव्हा त्यांनी ऐकले नाही. वेळेवर योग्य वैद्य भेटला म्हणून वाटाण्याचा तो कोंब पडद्यावर उगवला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. दिसायला त्रास होत असेल तर तपासणी पुढे ढकलण्याचे कारण आपल्याकडे उरलेले नाही.